रिपोर्टमध्ये जियार्डिया, आणि महालक्ष्म्या तोंडावर: घरचं जेवण कसं सांभाळू?

सुदामानगरची_सून

नमस्कार मंडळी. इंदूरकरांना तर विचारतेच आहे, पण ज्यांना या आजाराची माहिती आहे त्या सगळ्यांनीच लिहा.

मुलगी नववीत आहे. पावसाळा लागल्यापासून पोटाने हैराण. ताप नाही, रक्त पडत नाही. सकाळी उठल्या उठल्या दोन-तीनदा पळावं लागतं, मग दिवसभर पोट फुगलेलं, आणि ढेकर येतात ते सडक्या अंड्याच्या वासाचे. चार दिवस बरं वाटतं, की पुन्हा सुरू. वजन उतरलंय, चेहरा पार सुकलाय. डॉक्टरांनी स्टूल टेस्ट करायला लावली, त्यात जियार्डियाच्या सिस्ट निघाल्या. औषध कालपासून सुरू आहे.

घरात आता दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात सराफ्यातलं (आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातलं) खाणं बंद करा. सासरे म्हणतात बोरिंगचं पाणी. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही, कारण प्यायला आमच्याकडे आरओ आहे आणि मुलगी सराफ्यात महिन्यातून एखाद्या वेळी जाते.

खरी काळजी पुढची. महालक्ष्म्या आल्यात. दुसऱ्या दिवशी जेवायला चाळीसेक माणसं असतात, सोळा भाज्या, चटण्या, कोशिंबिरी. मुलगी दरवर्षी माझ्या बरोबरीने करते. यंदा तिला स्वयंपाकघरात येऊ द्यावं का? आणि पाहुण्यांच्या पानात काय वाढावं, काय टाळावं?

पोहेजिलेबी

काकू, मुलीला लवकर बरं वाटो. बाकी सराफ्यावर आरोप झाला की माझ्यासारख्याला झोप लागत नाही, म्हणून आधी हजेरी लावून जातो.

जुनी_लॅबवाली

मी बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काढली आहेत, जरा सविस्तर लिहिते.

जियार्डिया हा जंत नाही, एकपेशीय जीव आहे. आतड्यात असतो तेव्हा नाजूक असतो, पण शरीराबाहेर पडताना स्वतःभोवती जाड कवच करून घेतो. तीच सिस्ट. आकार एका मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. थंड, ओलसर जागी ती आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही जिवंत राहते. आणि आजार व्हायला अशा दहा सिस्ट पोटात गेल्या तरी पुरतात. एका माणसाच्या शौचातून बाहेर पडणाऱ्या सिस्ट मोजायला गेलं तर कोटींच्या घरात जातात. त्यातल्या दहाच कुणाच्या तरी पानात पोचल्या की झालं.

पोचतात कशा? पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, आणि कच्च्या खाण्यातून. "सराफा की बोरिंग" या भांडणात हात आणि कोथिंबीर दोन्ही सुटून गेलेत.

आणखी एक. सिस्ट पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. काल रात्री खाल्लेल्या पाणीपुरीने आज सकाळी पोट बिघडलं असेल तर तो जियार्डिया नव्हे, दुसरं काहीतरी. लोक नेहमी आदल्या दिवशीच्या खाण्याला दोष देतात, आणि इथे खरा धागा दहा दिवस मागे असतो.

मल्हारगंज_मंडळ

आमच्याकडे पोट बिघडलं की सगळे म्हणतात "अमीबा झाला". मग मेडिकलवाल्याकडून दोन-चार गोळ्या. अमीबा आणि हे एकच का?

जुनी_लॅबवाली

@मल्हारगंज_मंडळ, नाही. अमीबा मोठ्या आतड्यात बसतो: मुरडा, आव, कधी रक्त. जियार्डिया लहान आतड्याला चिकटतो आणि अन्नातली स्निग्धता नीट शोषू देत नाही, म्हणून शौच तेलकट, घाण वासाचं, पाण्यावर तरंगणारं होतं, आणि गॅस फार. लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, खात्री नाही.

अमीबाच्या बाबतीत एक घोळ लॅबमध्ये नेहमीच दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच दिसणारा एक निरुपद्रवी भाऊबंद असतो, तो बऱ्याच लोकांच्या पोटात काही त्रास न देता राहतो. त्यामुळे साध्या रिपोर्टात "अमीबाची सिस्ट" असं आलं म्हणजे आजार त्यामुळेच आहे, असं सरसकट धरता येत नाही. उलट खरा अमीबा यकृतात गेला तर उजव्या बरगडीखाली दुखतं, थंडी-ताप येतो, आणि त्या वेळी जुलाब असतीलच असंही नाही. तेव्हा घरी बसू नये.

ह्यूस्टनकर_इंदुरी

मी मूळचा लोकमान्यनगरचा, आता टेक्सासात. इथला अनुभव सांगतो, कारण तो थेट कोथिंबिरीचाच आहे.

मागे एका उन्हाळ्यात पोट बिघडलं आणि जाता जाईना. बरं वाटायचं, मग पुन्हा उलटायचं. भूक मेलेली, आणि थकवा इतका की जिना चढून वर आलं की बसावं लागायचं. स्टूल टेस्ट स्वच्छ आली. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "सायक्लोस्पोरासाठी वेगळी तपासणी सांगितली होती का?" सांगितली नव्हती. नेहमीच्या तपासणीत तो शोधतच नाहीत, त्याला वेगळं रंगद्रव्य वापरावं लागतं. ती केली आणि निघाला.

सायक्लोस्पोरा हा जियार्डियासारखाच कवचातून पसरणारा दुसरा एकपेशीय परजीवी. १९९६ साली अमेरिका आणि कॅनडात त्याची मोठी साथ आली, ती ग्वाटेमालाहून आलेल्या रासबेरींमुळे. पुढे मेक्सिकोतल्या प्वेब्ला राज्यातल्या ताज्या कोथिंबिरीशी आजाराचा संबंध वारंवार दिसला, तेव्हा २०१५ पासून अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने तिथली कोथिंबीर एप्रिल ते ऑगस्ट या महिन्यांत अडवायला सुरुवात केली. शेताच्या बांधावर, पाण्यात मानवी मैला मिसळला की पानांच्या वळ्यांत ही अंडकवचं बसतात. क्लोरीनच्या पाण्याने ती मरत नाहीत. आणि आपण इंदुरी तर पोह्यावर कोथिंबीर शेतासारखी पेरतो.

पोहेजिलेबी

भिया, पोह्यावरून कोथिंबीर काढली तर शेव एकटी पडेल हो! जीरावन तरी राहू द्या.

जुनी_लॅबवाली

जीरावन राहील. कोरडा मसाला आहे. या कवचांना ओल लागते, कोरडेपणाने ती मरतात.

@ह्यूस्टनकर_इंदुरी यांनी छान लिहिलंय, त्यात एक भर. सायक्लोस्पोराचं अंडकवच शरीरातून बाहेर पडल्यावर लगेच संसर्ग करत नाही, बाहेर एक-दोन आठवडे पिकावं लागतं. म्हणून तो घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. जियार्डियाच्या सिस्ट मात्र बाहेर पडतात त्याच क्षणापासून लागू शकतात. म्हणूनच मुलीबद्दलचा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

दोघांची औषधंही वेगळी. जियार्डियावर टिनिडाझोल, मेट्रोनिडाझोल किंवा निटाझोक्सानाइड. सायक्लोस्पोरावर यातलं पहिलं-दुसरं चालत नाही, त्याला कोट्रायमोक्साझोल लागतं, आणि ज्यांना सल्फाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ते आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. अंदाजाने गोळी घेऊन अर्ध्यात सोडण्यात नुकसान असं की आजार दबतो, तपासणीतही सापडेनासा होतो, आणि दोन आठवड्यांनी परत येतो.

राऊकर_शेतकरी

मी शेती करतो, म्हणून कोथिंबिरीच्या बाजूने बोलतो. भाजीपाल्याचा दोष शेतकऱ्यावर ढकलून मोकळं होऊ नका. शहराचा नाला कोणाच्या शेतातून जातो आणि त्यात काय सोडलं जातं, हे आधी बघा. माझ्याकडे विहिरीचं पाणी आहे, पण बाजारात माझी जुडी आणि नाल्यावरची जुडी एकाच ढिगात पडतात. वर ताजी दिसावी म्हणून विकणारा दिवसभर त्यावर पाणी मारतो. ते पाणी कुठलं, कोणी विचारतं का?

ह्यूस्टनकर_इंदुरी

@राऊकर_शेतकरी, अगदी खरं. इथेही शोध शेवटी शेतमजुरांना शौचालय आणि हात धुवायला पाणी मिळतं का, इथेच येऊन थांबला होता.

माळव्याची_लेक

मी इतकं घाबरायला तयार नाही. आमच्या आजीने जन्मभर मंडलेश्वरला नर्मदेचं पाणी कळशीने आणून प्यायलं, कधी आजारी पडली नाही. आपल्या शहरात येतं तेही नर्मदेचंच. आणि इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं. आता तेच पाणी वाईट कसं?

जुनी_लॅबवाली

@माळव्याची_लेक, नदीला कुणी वाईट म्हणत नाही. पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून उचलतात, शुद्ध करतात, मग सुमारे सत्तर किलोमीटर वर आणतात. शुद्धीकरणात वाळूचा गाळप नीट झाला तर सिस्ट बऱ्याच अंशी अडतात. अडचण त्यापुढची: नळ येतो ठराविक वेळ, बाकी वेळ नळी रिकामी, आणि रिकाम्या नळीला कुठे तडा असेल तर आजूबाजूची घाण आत ओढली जाते. मग घराखालची टाकी, वरची टाकी, बोरिंगचं पाणी त्यात मिसळलेलं. रस्ता झाडलेला असणं आणि जमिनीखालची नळी शाबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाळप ढिला पडला तर काय होतं ते १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत दिसलं. तिथे क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा असाच कवचवाला परजीवी नळाच्या पाण्यात शिरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होतं, पण या कवचापुढे ते चालत नाही.

आजींना त्रास झाला नाही हेही शक्य आहे. जियार्डिया असलेल्या बऱ्याच जणांना काहीच लक्षणं नसतात. लहान मुलांना मात्र तो जड जातो, वारंवार झाला तर वाढ खुंटते.

माळव्याची_लेक

हे पटलं. नळीचं लक्षात आलं नव्हतं.

सुदामानगरची_सून

किती छान माहिती देताय सगळे. पण मग आरओ असून कसं झालं?

पाणीवाला_अभियंता

आरओचा पडदा या सिस्ट अडवतो, त्याची छिद्रं त्यांच्यापेक्षा कितीतरी बारीक असतात. यूव्हीही चालतं, दिवा वेळेवर बदललेला असेल तर. पण आरओचं पाणी फक्त ग्लासात जातं. काकू, आता घरात फिरून बघा: कोथिंबीर कुठल्या पाण्याने धुता? चटणी वाटताना मिक्सरमध्ये कुठलं पाणी घालता? ताक? सरबत? बर्फाचा ट्रे कुठल्या नळावर भरता? दात घासताना चूळ? बहुतेक घरांत या सगळ्यांचं उत्तर "सिंकचा नळ" असतं.

गोठवल्याने सिस्ट खात्रीने मरत नाहीत, म्हणून बर्फाला सूट नाही. साधा कॅण्डल फिल्टर असेल तर त्याची छिद्रं एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान आहेत का ते बघा. आणि सगळ्यात भरवशाचं जुनंच: पाणी खळखळून उकळू लागलं की पुढे एक मिनिट तसंच ठेवायचं. आपल्या उंचीला तेवढं पुरतं. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही.

सुदामानगरची_सून

सिंकचा नळ. सगळ्यांचं उत्तर तेच आहे.

वैद्य_आजोबा

आमच्या काळी पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खातच नसत, चातुर्मासात कित्येक घरांत पालेभाजी वर्ज्य असायची. कुटजघनवटी आणि ताजं ताक द्या, आठवड्यात उतार पडतो.

जुनी_लॅबवाली

आजोबा, पावसाळ्यात कच्चा पाला टाळायचा हे अगदी योग्य. नेपाळात सायक्लोस्पोराचे रुग्ण वाढतात तेही नेमके पावसाळ्याच्या सुमारास. कुटज अतिसारावर परंपरेने देतात, वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यायला माझी हरकत नाही. फक्त रिपोर्टमध्ये जियार्डिया निघालाय, तर त्याचं औषध पूर्ण व्हायलाच हवं.

दुधाबद्दल मात्र सांगते. जियार्डियानंतर काही आठवडे दूध पचत नाही, आतड्याचा थर खरवडलेला असतो. मुलगी औषध घेऊनही दुधाच्या कपानंतर फुगत असेल तर औषध लागू पडलं नाही असं लगेच समजू नका. थोडे दिवस दूध बाजूला ठेवा. दही-ताक बहुतेकांना चालतं.

मल्हारगंज_मंडळ

शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी देतात, ती घेतली असेल तर यावर चालते का?

जुनी_लॅबवाली

ती अल्बेंडाझोलची एक गोळी, जंतांसाठी. द्यायलाच हवी, पण त्या एका गोळीने जियार्डिया जात नाही.

दोन_मुलांची_आई

आमच्याकडे धाकट्याला पाळणाघरात लागला होता. दुपटी बदलणारा हात, तोच खाऊचा हात. तेव्हापासून आमच्याकडे नियम: संडासातून आल्यावर, दुपटं बदलल्यावर आणि कणीक मळायच्या आधी साबणाने हात, नखांच्या खालीसुद्धा. सॅनिटायझरवर भिस्त ठेवायची नाही, या कवचांवर त्याचा भरवसा नाही. साबण त्यांना मारत नाही, पण चोळून वाहत्या पाण्यात धुऊन काढतो.

जुलाब जोरात असताना मीठ-साखर पाणी विसरू नका. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

पोहेजिलेबी

आता मनापासून विचारतो. सराफा पूर्ण बंद करायचा का? रात्री अकराला पाहुण्यांना घेऊन दुसरीकडे कुठे जाणार?

पाणीवाला_अभियंता

बंद कशाला? कढईतून समोर काढलेलं खा. भुट्ट्याचा कीस वाफाळता, गराडू (आपला कंद) तेलातून थेट द्रोणात, जिलेबी गरम. यात परजीवी टिकत नाही. प्रश्न येतो तो वरून पडणाऱ्या गोष्टींचा: हिरवी चटणी, कापून ठेवलेला कांदा, पाणीपुरीचं पाणी, बर्फ. हाच नियम घरच्या लग्नाच्या पंगतीलाही लावा, तिथे तर पातळ चटणी सकाळपासून पिंपात असते.

पोहेजिलेबी

गराडू वाचला! चटणी न घेता खाईन, शपथ.

माळव्याची_लेक

मिठाच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये किंवा लाल औषधात (पोटॅशियम परमँगनेट) भाजी बुडवून ठेवली तर? आमच्याकडे सगळे तसंच करतात.

जुनी_लॅबवाली

माती, किडे आणि काही जंतू कमी होतील. सिस्ट मरतीलच असं नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं त्याहून उपयोगी, आणि शेवटचं पाणी उकळलेलं किंवा आरओचं. काकडी, गाजर, मुळा धुऊन मग सोलायचं. सोलल्यावर सुरी आणि पाट पुन्हा धुवायचा, नाहीतर सालीवरचं सगळं आत येतं. पालेभाजी मात्र कितीही धुतली तरी पानांच्या वळ्यांत काही राहू शकतं. तिला खरा उपाय आच.

सुदामानगरची_सून

मग महालक्ष्म्यांच्या पानाचं सांगा. डाव्या बाजूला कोथिंबिरीची चटणी, काकडीची कोशिंबीर, वाटली डाळ हे असतंच. सासूबाई म्हणतात नैवेद्यात कमी करायचं नाही, आणि मलाही तसंच वाटतं.

सोळा_भाज्या

ताई, कमी काहीच करायचं नाही, बदलायचं. आमच्याकडे गेल्या काही वर्षांपासून असं आहे:

कोथिंबिरीच्या जागी तिळाची आणि कारळ्याची चटणी, दोन्ही भाजलेल्या आणि कोरड्या. काकडीच्या कोशिंबिरीऐवजी लाल भोपळ्याचं भरीत: भोपळा वाफवून, दही, वर मोहरीची फोडणी. वाटली डाळ कच्ची न ठेवता फोडणीत चांगली परतून घ्यायची, वाफ येईपर्यंत. वर कोथिंबीर हवीच असेल तर भाजी उतरायच्या आधी घालून दोन मिनिटं झाकण. रंग थोडा उतरतो, वास तसाच राहतो. सोळा भाज्या, कथली, पुरणपोळी, भजी हे सगळं शिजलेलंच असतं, तिकडे काही बघावं लागत नाही. चाळीस पानांत कुणाला काही वेगळं वाटत नाही. भोपळ्याचं भरीत तर आधी संपतं.

मुलीला मात्र यंदा वाटण-घाटण, कणीक, वाढणं यापासून दूर ठेवा. जुलाब थांबल्यावरही काही आठवडे सिस्ट बाहेर पडू शकतात असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. रांगोळी, मुखवट्यांचा साजशृंगार, आरास हे तिच्याकडे द्या. तिला बाजूला काढल्यासारखं वाटणार नाही.

दोन_मुलांची_आई

+१. आणि मदतीला येणाऱ्या मावशींनाही विचारा, त्यांचं पोट बरं आहे ना. न रागावता, सुट्टी कापली जाणार नाही हे आधी सांगून विचारा. नाहीतर कोण खरं सांगणार?

राऊकर_शेतकरी

हे मोलाचं बोललात. ज्याची रोजी बुडते तो आजार लपवतो.

मल्हारगंज_मंडळ

घरातल्या बाकीच्यांनी पण औषध घ्यायचं का? सगळ्यांनी एकदम घेतलं की विषय संपेल.

जुनी_लॅबवाली

सरसकट नाही. ज्यांना त्रास आहे त्यांनी तपासून घ्यावं. सिस्ट रोज सारख्या पडत नाहीत, म्हणून एक नमुना स्वच्छ आला तरी वेगवेगळ्या दिवसांचे तीन द्यावेत, किंवा अँटिजेन तपासणी (शौचात परजीवीची प्रथिनं शोधणारी) करावी. घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना न विचारता यातली कुठलीच गोळी नको. आणि मेट्रोनिडाझोल-टिनिडाझोल चालू असताना दारूचा थेंबही नको, वडीलधाऱ्यांनी हे ऐकून ठेवा.

थोडं विषयांतर. जियार्डिया पहिल्यांदा पाहिला तो १६८१ मध्ये, हॉलंडच्या लेव्हेनहूकने, स्वतःच्या जुलाबाच्या नमुन्यात, स्वतः घासून केलेल्या भिंगाखाली. मला ही गोष्ट फार आवडते. विद्यार्थी नमुना बघताना नाक मुरडायचे तेव्हा मी हीच सांगायचे.

सुदामानगरची_सून

आज डॉक्टरांकडे जाऊन आले. औषध पूर्ण करायचं, दूध तीन आठवडे बंद, त्रास राहिला तर पुन्हा नमुने. आम्हा बाकीच्यांना लक्षणं नाहीत म्हणून काही दिलं नाही.

सासूबाईंना @सोळा_भाज्या यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. भोपळ्याचं भरीत त्यांना लगेच पटलं, त्यांच्या माहेरी देवासला तसंच करत. कारळे आणायला सांगितलेत. स्वयंपाकघरात वेगळं पिंप ठेवलंय उकळलेल्या पाण्याचं, वाटण आणि धुणं त्यातूनच. मुलगी मुखवट्यांच्या दागिन्यांचा डबा काढून बसली आहे.

एकच राहिलं. आंबील शिजवतेच, पण पंगतीला वर थोडं गार ताक घालून सैल करतो. ते चालेल?

सोळा_भाज्या

उकळलेल्या दुधाचं दही आणि पिंपातलं पाणी असेल तर चालेल. घुसळायची रवी आधी उकळत्या पाण्यातून काढून घ्या.

पोहेजिलेबी

काकू, चाळीस पानं असतील तर एक्केचाळिसावं कुठे मांडता ते कळवा. हात साबणाने धुऊन येतो.

सुदामानगरची_सून

या. नखं कापून या.